अक्कांच्या डबीत धाकटी

आमच्या भावोजींच्या घरी पाहुण्याने कुठलीही बरणी आपल्या हाताने उघडू नये. साखर हवी असेल तर मागून घ्यावी. मी एकदा मागितली नाही. झाकण काढलं, तर आतून कुणीतरी आठ डोळ्यांनी माझ्याकडे बघत होतं. मी किंचाळले. भावोजी धावत आले, पण माझ्यासाठी नव्हे. "वहिनी, ओरडू नका हो, ती आत्ताच कात टाकून बसलीय," असं म्हणून त्यांनी बरणी तान्ह्या मुलासारखी छातीशी धरली आणि आतल्या खोलीत नेली. चहा मी बिनसाखरेचा प्यायले.

भावोजी म्हणजे माझे धाकटे दीर. उभा जन्म म्युझियमच्या मागच्या खोलीत कोळी बघण्यात गेला. कोळ्यांना कीटक म्हटलेलं त्यांना खपत नाही. सहा पायांचे ते कीटक, आठ पायांचे ते कोळी, आणि एवढंही ज्यांना कळत नाही ते दोन पायांचे नातेवाईक. त्यातही त्यांचा जीव जडला तो उड्या मारणाऱ्या कोळ्यांवर. हे कोळी जाळं विणून शिकारीची वाट बघत बसत नाहीत. मांजरीसारखे दबकत जातात आणि झडप घालतात. असतात तांदळाच्या दाण्याएवढे, पण नटण्याची हौस राजवाड्यातली.

खिशात कायम एक पारदर्शक डबी, म्हणून घरात त्यांना डबीसाहेब म्हणतात, अगदी तोंडावरसुद्धा. त्यांच्याबरोबर रस्त्याने जाणं ही शिक्षा आहे. चालता चालता हा माणूस एखाद्या भिंतीला नाक लावून उभा राहतो. एकदा एका भल्या बाईला वाटलं, यांना घेरी आली. तिने पाणी आणून दिलं. हे पाणी प्यायले, तिचे आभार मानले आणि तिलाच डबी धरायला लावली.

भिंगाखाली मात्र यांचा रुबाब बघावा. पायावरचा एक केस इकडचा तिकडे असला की "ही निराळी" म्हणून मोकळे. मागे वळून बघणं नाही. आणि हाच माणूस दुकानात दोन शर्ट हातात घेऊन उभा राहिला की दुकानदार जेवून येतो. शेवटी धाकटी म्हणजे माझी जाऊ त्यातला एक उचलते, आणि हे घरी येईपर्यंत दुसऱ्याची आठवण काढतात. चहा की कॉफी, खिडकी उघडी की बंद, कुठल्याही प्रश्नाला त्यांचं एकच उत्तर: "तुम्हाला जे बरं वाटेल ते." हे ऐकायला गोड लागतं. बरोबर राहून बघा.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले, त्याकडे येते.

उभ्या जन्मात भावोजींनी स्वतः शोधलेल्या, आधी कुणीही नोंदवल्या नव्हत्या अशा प्रजाती दोन. म्युझियमच्या मागच्या कुंपणावर त्यांना तीन कोळी सापडले. कपाळावर निळी पट्टी, तीही साधी निळी नव्हे, पाण्यावर तेल सांडल्यावर चमकते तशी. पोटावर शेंदरी ठिपके. पुढच्या दोन पायांना पांढरी झालर, आणि ते पाय वर करून ही स्वारी बँडवाल्यासारखी डुलायची. त्याच कुंपणाच्या कडेला, वाळक्या पानांत, त्यांना दुसरे काही कोळी सापडले. तपकिरी. झालर नाही, पट्टी नाही, नाच नाही. पानावर बसले तर पान, मातीवर बसले तर माती.

भावोजींनी दोन्ही तपासले, चित्रं काढली, मोजमापं घेतली आणि एकाच लेखात दोन नव्या प्रजाती जाहीर केल्या. नवीन प्रजातीला नाव द्यायचा मान शोधणाऱ्याचा. स्वतःचं नाव द्यायची या मंडळींत रीत नाही. तो आगाऊपणा समजतात. दुसऱ्या कुणाचं द्यावं. यांनी निळ्या कपाळाच्या कोळ्याला बायकोचं नाव दिलं आणि तपकिरीला मोठ्या बहिणीचं.

ही मोठी बहीण म्हणजे अक्का. माझी नणंद. शाळेत हेडबाई होती, आणि निवृत्त झाल्याचं तिला अजून कुणी नीट समजावून सांगितलेलं नाही. आई लवकर गेली. भावोजींना अक्काने वाढवलं. बुटाच्या नाड्या बांधण्यापासून परीक्षेला बसवण्यापर्यंत सगळं तिने केलं. साठी उलटलेल्या या माणसाला ती अजून "बाळ" म्हणते, आणि बाळ तिच्यापुढे अजून मान वर करत नाही.

छापील लेख घेऊन भावोजी मोठ्या कौतुकाने तिच्याकडे गेले. अक्काने चष्मा लावला, दोन्ही चित्रं पाहिली आणि चष्मा काढून ठेवला.

"बायकोला मोर, आणि मला ढेकूळ?"

"अगं अक्का, या तपकिरीत सोनेरी लव आहे. भिंगातून बघ."

"मला माणसं भिंगातून बघत नाहीत, बाळ."

त्यानंतर कित्येक वर्षं कुठल्याही समारंभात अक्काचं ते एक वाक्य ठरलेलं असायचं. धाकटीने नवीन कपडे घातले की "शोभतं हो तुला, तू रंगीत." स्वतःला कुणी चांगलं म्हटलं की "छे, आम्ही तपकिरी." धाकटी हसून सोडून द्यायची. ती सगळंच हसून सोडून द्यायची, म्हणून आम्ही तिला गृहीत धरत आलो.

निवृत्तीनंतर भावोजींचं संशोधन घरी आलं. धाकटी शिवणकाम करते. तिच्या शिवणाच्या खोलीत एका बाजूला मशीन, दुसऱ्या बाजूला कोळी. त्यांना खायला चिलटं लागतात, चिलटांना कुजकी केळी लागतात, म्हणून त्या खोलीत कायम तो गोडसर आंबूस वास. गिऱ्हाईक बाई माप द्यायला यायची आणि नाकाला पदर लावून उभी राहायची. बरण्यांच्या तोंडाला बांधायला धाकटीने उरलेल्या कापडाचे दादरे शिवले. तिच्या नावाच्या कोळ्यांना निळे, अक्काच्या नावाच्यांना तपकिरी. शास्त्रज्ञाच्या लेबलांपेक्षा मला हे पुष्कळ सोयीचं वाटलं. निदान साखर कुठे आहे ते कळायचं.

कुंपणाजवळून आणलेल्या एका तपकिरी मादीने बरणीच्या कोपऱ्यात रेशमी पिशवी विणून तीत अंडी घातली. पिल्लं बाहेर आली. ती एकत्र ठेवली तर एकमेकांना खातात, म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र डबी आणि डबीवर तपकिरी फडकं. धाकटी रोज एकेका डबीत चिलट सोडायची आणि कापूस भिजवून पाणी द्यायची. पिल्लं कात टाकत वाढली. सगळी आईसारखीच, मातीच्या रंगाची. आणि मग शेवटची कात टाकायची वेळ आली.

सकाळी भावोजी दाढी करत होते. शिवणाच्या खोलीतून धाकटीचा आवाज आला.

"अहो, इकडे या जरा. अक्कांच्या डबीत मी कशी?"

भावोजी अर्ध्या दाढीने गेले. तपकिरी फडक्याच्या डबीत निळ्या कपाळाचा, पांढऱ्या झालरीचा एक कोळी आपली जुनी कात पायाखाली टाकून ऐटीत उभा होता. शेजारच्या डबीत आणखी एक. उरलेल्या डब्यांत तपकिरी.

"बाहेरून शिरला असेल," भावोजी म्हणाले.

"फडकं मी बांधलंय," धाकटी म्हणाली. विषय संपला.

पण भावोजींसाठी संपला नाही. फडक्याला भोक असेल. डब्यांची अदलाबदल झाली असेल. त्यांनी दुसऱ्या मादीची अंडी वाढवली. मग तिसरीची. प्रत्येक वेळी तेच. लहानपणी सगळी तपकिरी, आणि शेवटच्या कातीनंतर नर निळे. घरात चिलटं इतकी झाली की मला तिथे बोलताना तोंडावर हात धरावा लागायचा. माझ्याच्याने राहवेना.

"म्हणजे भावोजी, मला सरळ सांगा. इतकी वर्षं तुम्ही नवऱ्याला आणि बायकोला दोन वेगळ्या प्रजाती समजत होतात?"

"तसं... दिसायला फारच फरक आहे, वहिनी."

"निळे सापडले ते सगळे नर. तपकिरी सापडल्या त्या सगळ्या माद्या. यांचे जोडीदार कुठायत, अशी शंका नाही आली?"

"आली होती. म्हटलं, सापडतील."

माझ्या लग्नालाही आता पुष्कळ वर्षं झाली. नवरा आणि बायको या दोन वेगळ्या प्रजाती आहेत, हा निष्कर्ष मला काही अगदीच टाकाऊ वाटेना. पण विज्ञानात तो चालत नाही. भावोजी मांडीवर हात ठेवून बसले होते. त्यांचा चेहरा बघून मी थट्टा आवरली. दोन प्रजाती ही या माणसाची जन्माची मिळकत, तिची आता एक होणार होती. आणि तेवढ्यावर भागत नव्हतं.

त्यांच्या शास्त्राचा नियम असा. एकाच प्रजातीला चुकून दोन नावं पडली, तर जे आधी छापलं गेलं ते खरं. पण दोन्ही नावं एकाच दिवशी, एकाच लेखात छापली गेली असतील, तर जो कोणी पहिल्यांदा "हे दोन्ही एकच" असं छापील लिहील, त्याने त्यातलं एक निवडायचं. त्याने निवडलं ते कायमचं. दुसरं नाव त्या नावाखाली जातं.

"म्हणजे निवडायचं तुम्हाला," मी म्हणाले.

"हो."

"बायको की बहीण."

"वहिनी, असं नका म्हणू. प्रश्न कोळ्यांचा आहे."

हे म्हणताना त्यांच्या कपाळावर घाम होता, तो काही कोळ्यांमुळे नव्हता.

पुढे त्यांनी जे केलं ते त्यांच्या स्वभावाला धरूनच केलं. म्हणजे काहीच नाही. "आणखी एक पिढी बघू या," म्हणत राहिले. एवढ्यात म्युझियममधून फोन आला. परदेशातला एक तज्ज्ञ याच कोळ्यांवर काम करत होता आणि त्याला दोन्ही मूळ नमुने तपासायला हवे होते. तो काही आंधळा नव्हता. एका दुपारी त्याच्या लक्षात आलं असतं, आणि या दोघींपैकी एकीलाही न बघता त्याने नाव निवडलं असतं. वर भावोजींची चूक भावोजींच्या आधी त्याने जगाला सांगितली असती.

मग भावोजी म्युझियममध्ये गेले. त्यांच्या खुर्चीवर आता एक तरुण बाई बसते, हुशार आहे. तिला म्हणाले, "तुम्हीच लिहून टाका ना. नवीन माणसाच्या नावावर एक लेख होईल."

ती म्हणाली, "सर, लेखाची मला गरज आहे. पण तुमच्या घरी मी जेवायला येते. अक्कांच्याही घरी येते. मला यात ओढू नका."

मग ते माझ्याकडे आले. "वहिनी, तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हटलं, "अक्कांचं ठेवा. वय झालंय त्यांचं. धाकटीला काय, ती समजून घेईल."

आमच्या ह्यांनीही हेच सांगितलं. कुणीही हेच सांगितलं असतं. भावोजींनी सुटकेचा निःश्वास टाकला, लेख लिहून काढला, अक्काचं नाव वर आणि धाकटीचं खाली, आणि मला वाचून दाखवायला बोलावलं. धाकटी शेजारी मशीनवर बसली होती. वाचून झालं. मशीन थांबलं.

"मला विचारलं का कुणी?"

इतक्या वर्षांत ती असं काही बोलली नव्हती.

"अगं, म्हटलं तुला..." भावोजी म्हणाले.

"चालेल. मला सगळं चालतं, नाही का? चिलटं चालतात, वास चालतो, गिऱ्हाइकं गेली तरी चालतं. जाऊबाई, तुम्हीही हेच सांगितलंत ना?"

"सांगितलं," मी म्हणाले. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

"मला नाही चालत. माझं नाव राहू दे." तिने सुईतला दोरा तोडला. "आणि ते जाऊ दे. तुम्ही मला एक सांगा. मी तुमची बायको नाही आणि अक्का तुमची बहीण नाही. दोन परक्या बाया आहेत. मग कुठलं नाव ठेवायला हवं?"

भावोजी अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "तुझं."

"का?"

"सगळीकडे तेच छापलंय. पुस्तकांत, म्युझियमच्या पाटीवर. जो तो निळ्यालाच त्या नावाने ओळखतो. तपकिरीचं नाव माझ्यानंतर कुणी वापरलंच नाही. ते वर काढलं तर सगळा गोंधळ होईल."

"हे लेखात का नाही लिहिलंत?"

"अक्का..."

"अक्का कोळी आहेत का? तुम्ही कोळ्यांचं लिहा. अक्कांना काय सांगायचं ते अक्कांना सांगा."

मशीन पुन्हा सुरू झालं. भावोजी उठले, कागद फाडले नाहीत, फाडण्याइतका ठामपणा त्यांच्यात नाही, घडी घालून खिशात ठेवले. आणि त्याच संध्याकाळी नवीन लेख लिहायला बसले. धाकटीने त्यांना एकदाही आठवण करून दिली नाही.

लेख पाठवण्याआधी अक्काला सांगायला हवं होतं. "वहिनी, तुम्ही येता?" मला ढाल म्हणून नेत होते हे उघड होतं. गेले. बसमध्ये सारा वेळ तोंडातल्या तोंडात वाक्यं जुळवत होते. "नियमानुसार", "सर्वमान्य वापर", "दुर्दैवाने". मी म्हटलं, "एवढी वाक्यं अक्का तुम्हाला पुरी करू देणार आहेत का?"

नाहीच दिली. आम्ही बसलो, चहा आला, भावोजी "अक्का, नियमानुसार" इतकंच म्हणाले आणि अक्काने हात वर केला.

"शाळेत उशिरा आलेली मुलं असंच सुरू करायची. काय केलंस ते सांग."

त्यांनी सांगितलं. निळा नर, तपकिरी मादी, एकच प्रजाती, दोन नावं, एक राहणार. अक्काने नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे मी तिची बायको?"

"तू नाही अक्का. तुझ्या नावाचा कोळी."

"आणि आता त्या दोघांनाही तुझ्या बायकोचं नाव?"

"हो."

"बरोबर आहे. तुझ्या घरात तसंच चालतं." हे तिने माझ्याकडे बघून म्हटलं. मी खिडकीकडे बघितलं. "मग माझ्या नावाचं काय होतं?"

"ते राहतं. तिच्या नावाखाली नोंद राहते. कायमची. कुणालाही पुसता येत नाही."

"खाली."

"हो. खाली."

अक्का उठली आणि खिडकीपाशी गेली. कुंडीतल्या पानावर एक तपकिरी कोळी बसला होता. तिने बोट जवळ नेलं तसा तो वळून, मान वर करून तिच्याकडे बघू लागला, तसे ते बघतात.

"ही इथेच असते," ती म्हणाली. "तुझीच आहे की दुसरी कुठली, मला कळत नाही. वरच्या मजल्यावरच्या बाईला परवाच दाखवली. म्हटलं, ही माझ्या नावाची. जगात दुसऱ्या कुणाच्या नावाची नाही."

आम्ही आपले इतकी वर्षं तिचं "आम्ही तपकिरी" ऐकून हसत होतो. भावोजींचा चेहरा पडला. त्यांचा हात खिशातल्या त्या घडी घातलेल्या कागदांकडे गेला, आणि मी ओळखलं, आता हा माणूस म्हणणार, तुला जे बरं वाटेल ते.

"अक्का," ते म्हणाले, "तुला वाईट वाटत असेल तर..."

आणि थांबले.

"तुला वाईट वाटणारच. पण ते तसंच जाणार आहे. उद्या पाठवतोय."

अक्का वळली. हेडबाईची नजर काय असते ते मला त्या दिवशी कळलं.

"बायकोने मागितलं म्हणून?"

"तिने मागितलं. पण त्यासाठी नाही. तेच बरोबर आहे."

"मग या हिने सांगितलं?" म्हणजे मी.

"वहिनींनी तुझं ठेवायला सांगितलं होतं. दादानेही."

"मग ठरवलं कुणी?"

"मी," भावोजी म्हणाले. मान वर होती.

अक्काने त्यांना जवळ घेतलं नाही, शाबासकी दिली नाही. तसलं काही तिला येत नाही. "चहा पी. गार झाला," एवढंच म्हणाली, आणि मग माझ्याशी गुडघेदुखीच्या डॉक्टरविषयी बोलत बसली, जणू भावोजी खोलीत नाहीतच. ते बिचारे गार चहा पिऊन, कप स्वतः विसळून ठेवून आले. निघताना "येतो अक्का" म्हणाले, तर तिने नुसता हुंकार दिला.

आम्ही जिना उतरत होतो. वरून पावलं वाजली. वरच्या मजल्यावरची बाई खाली येऊन अक्काच्या दारात थांबली असावी, कारण अक्काचा आवाज स्पष्ट ऐकू आला. तिचा आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जातो, जिना तर काहीच नाही.

"अहो, तो खिडकीतला कोळी दाखवला होता ना तुम्हाला? त्याचं नाव बदललं. आता माझ्या भावजयीचं नाव आहे त्याला. माझ्या भावाने ठरवलं. आम्ही सगळ्यांनी सांगून बघितलं, पण तो कुणाचं ऐकतो होय? भारी हट्टी. एकदा त्याच्या मनाने घेतलं की घेतलं."

भावोजी पायरीवरच उभे राहिले. हे नक्की आपल्याविषयीच चाललंय ना, याची बहुधा त्यांना खात्री करून घ्यायची होती.